एका झिजलेल्या रोमन नाण्याची ओळख

महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेंत आमच्या धर्मग्रामाची स्थापना, जुने धर्मगुरु, शाळा, घंटाघर इत्यादि विषयांवर अधिकारी लेखकांनीं लिहिलेंच आहे. आमच्या वांट्यास आलेला विषय मात्र अंगठ्याच्या नखाएवढा आहे. महोत्सवाच्या प्रदर्शनासाठीं घरोघरच्या जुन्या वस्तु गोळा करण्याचें काम मंडळानें आमच्याकडे सोंपविलें होतें. रोझरीच्या जुन्या माळा, गीतांच्या हस्तलिखित वह्या, लग्नांतलीं लुगडीं अशा वस्तूंबरोबर एका घरांतून एक तांब्याचें नाणें आलें. त्या घरचे आजोबा फार वर्षांपूर्वीं बोटीवर नोकरीस होते. इटलींतील नेपल्स बंदरांत एका फेरीवाल्याकडून त्यांनीं तें विकत घेतलें, आणि विकणाऱ्यानें त्यांस सांगितलें कीं, हें प्रभु येशूच्या काळचें नाणें आहे. तेव्हांपासून तें घरच्या वेदीवर, क्रुसाच्या पायथ्याशीं, कांचेच्या एका लहान डबींत ठेवलेलें आहे. घरांतलीं मुलें परीक्षेस जातांना त्या डबीला हात लावून जात. आजोबा वारले, आजी आहेत. नाणें आमच्या हातीं देतांना त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर काय लिहिलेलें आहे, तें तेवढें नीट वाचून सांगा."

प्रथमदर्शनीं नाण्यावर दिसत होतें तें इतकेंच : एका बाजूस उजवीकडे पाहणारें एक मस्तक, दुसऱ्या बाजूस समोरासमोर उभ्या असलेल्या दोन आकृति, आणि त्यांच्या मधोमध एक उंच काठी, जिच्या वरच्या टोंकास कांहीं आडवें आहे. घरच्या मंडळीस ह्यांत क्रूस दिसे, आणि त्याच्या दोहों बाजूंस पवित्र मरिया व संत योहान. खरें सांगावयाचें तर पहिल्या दिवशीं आम्हांसहि तसेंच दिसलें.

पुढें जाण्यापूर्वीं एक सूचना करणें अवश्य आहे. आपल्याकडे तांब्याचें भांडें काळवंडलें कीं चिंच व मीठ लावून घासण्याची रीत आहे. भांड्यास तें ठीक; जुन्या नाण्यास तें मरण होय. शेंकडों वर्षें मातींत पडून राहिलेल्या तांब्यावर जो हिरवट-काळा थर बसतो, त्या थरांतच बहुधा अक्षरांचे उरलेसुरले कांठ टिकून राहिलेले असतात. थर गेला कीं अक्षरें गेलीं, आणि खालीं राहते ती एक तांबूस, गुळगुळीत चकती. सुदैवानें हें नाणें वेदीवर असल्यामुळें त्यास चिंच लावण्याचें धैर्य कोणास झालें नव्हतें.

असें नाणें दिव्याखालीं सपाट धरून कांहीं उमगत नाहीं. खोलींत अंधार करून एकच दिवा बाजूनें, जवळजवळ नाण्याच्या पातळीवर ठेवावा, आणि नाणें बोटांत हळूहळू फिरवावें. अक्षराचा जो कांठ केसाएवढा वर राहिला असेल त्याची सावली पडते, आणि क्षणापूर्वीं जेथें कांहींच नव्हतें तेथें एक रेघ दिसूं लागते. परंतु एकाच दिशेच्या प्रकाशावर विसंबूं नये. प्रकाशाच्याच दिशेनें गेलेली रेघ सावली टाकीत नाहीं व लपून राहते. म्हणून नाणें चारी दिशांनीं पाहून, जें अक्षर दिसेल तें कागदावर उतरवावें, व जें दिसणार नाहीं त्याच्या जागीं टिंब द्यावें. सर्व कामांत हें टिंब देणें फार कठीण. मनास टिंब सहन होत नाहीं. तें लगेच तेथें एक अक्षर बसवूं पाहतें.

रोमन बादशहांच्या नाण्यांवरील लेख बहुधा डावीकडे खालीं, खांद्यापाशीं सुरू होतो आणि घड्याळाच्या कांट्याप्रमाणें मस्तकाभोंवतीं फिरतो. शब्दांमध्यें जागा सोडलेली क्वचितच असते. 'यू' च्या जागीं 'व्ही' व 'जे' च्या जागीं 'आय' लिहिलेला असतो, आणि बहुतेक शब्द तोडून आंखूड केलेले असतात. परंतु आमच्या वाचकांनीं ह्या संक्षेपांस भिण्याचें कारण नाहीं. क्रुसावरील पाटीवर आय-एन्-आर्-आय हीं चार अक्षरें आपण लहानपणापासून पाहत आलों आहोंत. येसुस नाझारेनुस रेक्स युदेओरुम, म्हणजे नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. चार शब्दांचीं चार आद्याक्षरें, आणि 'जे' च्या जागीं 'आय'. ज्यास ही पाटी वाचतां आली, त्यास नाण्यांची अर्धी विद्या आलीच. आय-एम्-पी म्हणजे 'इंपेरातोर', ए-व्ही-जी म्हणजे 'आउगुस्तुस', सी-ओ-एस् म्हणजे 'कोन्सुल'. एन्-ओ-बी व पुढें सी असेल तर 'नोबिलिस्सिमुस कायसार', अर्थात् गादीवर अद्याप न बसलेला युवराज. जुनी लॅटिन मिस्सा ऐकलेल्या वडील मंडळीची एके ठिकाणीं फसगत होण्याचा संभव आहे. चौथ्या शतकांतील कित्येक नाण्यांवर आरंभीं डी-एन् अशीं अक्षरें येतात. तीं 'दोमिनुस नोस्तेर', म्हणजे 'आमचा प्रभु', ह्यांचीं होत. प्रार्थनेंत हे शब्द ख्रिस्तासाठीं येतात, नाण्यावर मात्र ते बादशहासाठीं आहेत.

नांव वाचतां आलें म्हणजे सर्व झालें असेंहि नाहीं. 'आंतोनिनुस' हें नांव पूर्ण दिसत असलें तरी तें आंतोनिनुस पायस, मार्कुस ऑरेलिउस, काराकाल्ला व एलागाबालुस ह्या चौघांच्याहि नाण्यांवर आहे. येथें शब्दांचा क्रम उपयोगी पडतो. नांवापुढें 'आउगुस्तुस पिउस' असा क्रम दिसला तर तें दुसऱ्या शतकांतील शांतताप्रिय आंतोनिनुसाचें. 'पिउस आउगुस्तुस' असा उलटा क्रम असला तर तिसऱ्या शतकांतील त्या दोन अविचारी तरुणांपैकीं एकाचें. दोन शब्द मागेंपुढें झाले, आणि मध्यें कित्येक दशकें गेलीं!

आतां, प्रभूच्या काळचें नाणें असतें तर तें कसें असतें? संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायांत कराच्या नाण्याचा प्रसंग आहे. प्रभूस शब्दांत पकडूं पाहणाऱ्यांस त्यानें नाणें आणावयास सांगितलें, आणि त्यावरील मुद्रा व लेख कोणाचा हें त्यांच्याकडूनच वदवून घेतलें. नाणें ओळखूं पाहणाऱ्याचा आजचा पहिला प्रश्नहि तोच आहे. तें नाणें इसवी सन १४ ते ३७ पर्यंत राज्य केलेल्या तिबेरिउस बादशहाचा चांदीचा दिनार असावा, असें सामान्यतः मानलें जातें. त्याचें वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास असतें. दर्शनी बाजूस मस्तकाभोंवतीं 'तिबेरिउस कायसार, दिव्य आउगुस्तुसाचा पुत्र, आउगुस्तुस' ह्या अर्थाचा लेख, आणि पाठीवर आसनस्थ स्त्री व 'पोन्तिफ मॅक्सिम' हे शब्द. ही 'पोन्तिफेक्स मॅक्सिमुस' म्हणजे श्रेष्ठ पुरोहित ही पदवी पुढें पोपमहाराजांकडे आली. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या दर्शनी भागावर पांचव्या पौलाच्या नांवापुढें ती कोरलेली आहे. तिबेरिउसाचे हे दिनार आपल्या देशास अपरिचित नाहींत. दक्षिण हिंदुस्थानांत सांपडलेल्या रोमन नाण्यांच्या साठ्यांत जे दोन प्रकार सर्वांत अधिक आढळतात त्यांपैकीं हा एक, व दुसरा आउगुस्तुसाचा. आमच्या शेजारच्या सोपाऱ्याचें नांव ज्या प्राचीन ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत आलें आहे, त्याच ग्रंथांत भडोच बंदरीं रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं फायद्यानें बदलून मिळत असें म्हटलें आहे.

परंतु दिनार चांदीचा, आणि आमचें नाणें तांब्याचें. पोन्तिउस पिलात यहुदीयाचा सुभेदार असतांना त्यानें पाडलेलीं तांब्याचीं नाणीं उपलब्ध आहेत. तीं इसवी सन २९ ते ३२ ह्या दरम्यानचीं आहेत. त्यांवर मनुष्याचें मुख मुळींच नाहीं. एका प्रकारावर रोमन शकुन पाहणाऱ्याची वांकडी काठी, दुसऱ्यावर यज्ञांतील पळी. आणि भोंवतालचा लेख लॅटिन नसून ग्रीक, 'तिबेरिउ कायसारोस', म्हणजे तिबेरिउस कायसराचें. आमच्या नाण्यावर मुख होतें व अक्षरें लॅटिन होतीं. पिलाताचा संबंध तेथेंच संपला. ही गोष्ट पहिल्याच रात्रीं आमच्या ध्यानांत आली, आणि आजींस ती कशी सांगावी ह्या विचारानें पुढील वाचनाचा आनंद थोडा कमी झाला हें कबूल केलें पाहिजे.

तीन संध्याकाळ दिव्यासमोर घालविल्यावर कागदावर जें उतरलें तें असें : दर्शनी बाजूचा डावा अर्धा भाग पूर्ण झिजलेला, तेथें टिंबेंच टिंबें. उजवीकडे अर्धवट गेलेलीं दोन अक्षरें, मग टी-आय-व्ही-एस्, नंतर एन्, ओ, एक टिंब, आणि सी. मस्तकावर लॉरेलच्या पानांची माळ. पाठीवर जी, एल्, नंतर पांच टिंबें, मग एक्स्-ई-आर्, टिंब, आय-टी-व्ही-एस्. आकृतींच्या पायाखालील आडव्या रेघेखालीं एस्-एम्-एन् आणि अगदीं कांठावर तुटलेलें एक अक्षर. वजन दीड ग्रॅमहून किंचित् अधिक.

पाठीचा लेख ओळखण्यास वेळ लागला नाहीं. तो 'ग्लोरिया एक्सेर्सितुस', म्हणजे 'सैन्याचा गौरव'. एकदां हे शब्द समजल्यावर चित्रहि डोळ्यांपुढें बदललें. त्या दोन आकृति म्हणजे भाला व ढाल घेतलेले दोन शिपाई. मधली काठी म्हणजे पलटणीचें निशाण, आणि क्रुसाची आडवी भुजा वाटत होती तें त्या निशाणाचें कापड. मरियेचा झगा म्हणून जो भाग घरच्यांनीं इतकीं वर्षें पाहिला ती एका शिपायाची ढाल होती. चित्र तेंच, रेघा त्याच. परंतु आतां पुन्हा प्रयत्न केला तरी आम्हांस तेथें क्रूस दिसेना.

ह्या जातीचीं नाणीं कॉन्स्टंटाइन बादशहानें इसवी सन ३३० पासून अतोनात संख्येनें पाडलीं. प्रथम शिपायांमध्यें दोन निशाणें असत. ३३५ च्या सुमारास नाणें हलकें करण्यांत आलें व निशाण एकच राहिलें. आमच्या नाण्यावर निशाण एक, म्हणून तें ३३५ पूर्वींचें नव्हे. युवराजाची पदवी दिसते, आणि कॉन्स्टंटाइनचे पुत्र ३३७ च्या सप्टेंबरांत स्वतः आउगुस्तुस झाले, म्हणून तें त्यानंतरचेंहि नव्हे. अशा रीतीनें एका पदवीनें व एका निशाणानें काळ दोन वर्षांवर आणून ठेवला. खालील एस्-एम् हीं 'साक्रा मोनेता' म्हणजे बादशाही टांकसाळीचीं अक्षरें, व एन् हें निकोमेदिया शहराचें. तें आजच्या तुर्कस्तानांतील इझमित होय.

राहिला प्रश्न नांवाचा. त्या दोन वर्षांत युवराज चार होते : कॉन्स्टंटाइनचे पुत्र कॉन्स्टंटिनुस, कॉन्स्टंटिउस व कॉन्स्टन्स, आणि पुतण्या डेल्मातिउस. बापानें तिन्ही मुलांचीं नांवें अशीं ठेवलीं आहेत कीं, झिजलेलीं नाणीं वाचणाऱ्यांनीं त्याचा राग धरावा. तरी शेवटच्या अक्षरांवरून निवड होते. '-टिनुस' अथवा '-न्स' असा शेवट नसून टी-आय-व्ही-एस् असल्यामुळें दोघेच उरले, कॉन्स्टंटिउस अथवा डेल्मातिउस. (पाठीची बाजू झिजून गेली असती तर आणखी एक घोटाळा झाला असता, कारण ३५० नंतरचा युवराज देसेन्तिउस ह्याच्या नांवाचा शेवटहि असाच आहे.) सर्व निर्णय आतां 'टी' च्या डावीकडील अर्धवट अक्षरावर येऊन ठेपला. तेथें 'एन्' असेल तर कॉन्स्टंटिउस. 'ए' असेल तर डेल्मातिउस.

येथें आम्हांस आमच्या चुकीची हकीकत सांगणें भाग आहे. डेल्मातिउस ३३५ सालीं युवराज झाला, आणि ३३७ सालीं कॉन्स्टंटाइनच्या मृत्यूनंतर शिपायांनीं राजघराण्यांतील अनेक पुरुषांची कत्तल केली तींत मारला गेला. म्हणून त्याचीं नाणीं थोडीं व कॉन्स्टंटिउसाचीं पुष्कळ. आमच्या धर्मग्रामांत एखादें दुर्मिळ नाणें निघावें, स्मरणिकेंत तें छापून यावें, अशी इच्छा आमच्या मनांत कोणत्या क्षणीं शिरली तें सांगतां येत नाहीं. परंतु ती शिरल्यावर त्या अर्धवट अक्षरांत आम्हांस 'ए' स्पष्ट दिसूं लागला. चार दिवस आम्ही त्या नाण्यास डेल्मातिउस म्हणत होतों, आणि मंडळाच्या दोघां सभासदांस तसें सांगूनहि बसलों. पांचव्या दिवशीं दिवा नेहमींच्या जागीं न ठेवतां नाण्याच्या खालच्या अंगास ठेवला गेला, आणि 'टी' ला लागून असलेली रेघ सरळ उभी दिसली. 'ए' चा उजवा पाय तिरपा असावयास हवा. उभा पाय 'एन्' चा. तिच्याहि डावीकडे आणखी एक तिरपी रेघ निघाली. म्हणजे क्रम ए-एन्-टी असा. डेल्मातिउसांत तो एम्-ए-टी असा असता. चार दिवस जो 'ए' आम्ही पाहत होतों तो तेथें कधींच नव्हता. दोघां सभासदांस दुसऱ्या दिवशीं जाऊन सांगितलें. ते हंसले, आम्हांस हंसूं आलें नाहीं.

ज्यांच्यापुढें आम्ही विद्यार्थीहि शोभणार नाहीं अशांवरहि हा प्रसंग आलेला आहे. अमेरिकेंतील शिकागो येथील लॉयोला विद्यापीठांत धर्मशास्त्र शिकविणारे जेझुइट फादर फ्रान्सिस फिलास ह्यांनीं १९७९ सालीं असें जाहीर केलें कीं, तुरिन येथील पवित्र कफनावरील मुखाच्या उजव्या डोळ्यावर पिलाताच्या नाण्याचा ठसा दिसतो. १९३१ सालच्या फोटोग्राफाची मोठी प्रत करून त्यांनीं पाहिली. त्यांत त्यांस वांकडी काठी व चार ग्रीक अक्षरें दिसलीं. तीं 'तिबेरिउ कायसारोस' ह्या लेखाच्या मधलीं, असें त्यांचें म्हणणें. अडचण अशी कीं, पिलाताच्या नाण्यांवर दुसऱ्या शब्दाच्या आरंभीं ग्रीक 'काप्पा' असतो, आणि फोटोंत फादरांस त्या जागीं 'सी' सारखें अक्षर दिसत होतें. तेव्हां ठसा कोरणाऱ्याची ती चूक मानावी लागली. तशी चूक असलेलीं नाणीं आढळल्याचेंहि त्यांनीं पुढें सांगितलें. परंतु विणलेल्या कापडाच्या धाग्यांत, फोटोच्या कणांत, अक्षरासारख्या रेघा कोठेंहि उमटतात, ही शंका इतरांनीं काढली ती निवारली गेली नाहीं. फादर १९८५ सालीं निवर्तले. १९८८ सालीं तीन प्रयोगशाळांनीं कार्बनच्या कसोटीनें कफनाचें वस्त्र १२६० ते १३९० ह्या दरम्यानचें ठरविलें; तोहि निर्णय सर्वांनीं मान्य केलेला नाहीं. आमचा प्रश्न कफनाविषयीं नाहीं, त्या चार अक्षरांविषयीं आहे. फादरांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. त्यांस तें अक्षर खरोखरच दिसत होतें. आमचा 'ए' हि आम्हांस खरोखरच दिसत होता.

तर, आजींच्या डबींतील मुख कोणाचें? दुसऱ्या कॉन्स्टंटिउसाचें. तो ३१७ सालीं जन्मला, ३२४ सालीं म्हणजे सातव्या वर्षीं युवराज झाला, ३३७ सालीं आउगुस्तुस व ३६१ सालीं मृत. नाणें ज्या निकोमेदियांत पाडलें, तेथून जवळच असलेल्या निकेया नगरांत ३२५ सालीं ती महासभा भरली जिच्या नांवाचा विश्वासांगिकार आपण आजहि मिस्सेंत म्हणतों. २०२५ सालीं त्या सभेस १७०० वर्षें पुरीं झालीं. त्याच निकोमेदियाजवळ ३३७ सालीं मृत्युशय्येवर कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे ज्या दोन वर्षांतलें हें नाणें आहे त्या दोन वर्षांच्या अखेरची ही गोष्ट. बाप्तिस्मा देणारा तेथील बिशप युसेबिउस हा निकेयाच्या सभेनें दोषी ठरविलेल्या आरिउसाचा कैवारी होता, आणि मुलगा कॉन्स्टंटिउस त्याच पक्षाकडे झुकला. बादशहा झाल्यावर त्यानें अलेक्झांड्रियाच्या संत अथानासिउसाविरुद्ध बिशपांच्या सह्या मागितल्या. पोप लिबेरिउस ह्यांनीं सही देण्याचें नाकारल्यामुळें ३५५ सालीं त्यांस थ्रेस प्रांतांतील बेरोया येथें हद्दपार केलें. ३५८ सालीं ते परत आले. एका पोपमहाराजांस रोममधून घालवून देणाऱ्या माणसाचें मुख आमच्या एका भाविक घराण्यानें क्रुसाच्या पायथ्याशीं इतकीं वर्षें जपलें होतें!

हें सर्व घेऊन आम्ही आजींकडे गेलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. प्रथम विचारलें, "म्हणजे नेपल्सच्या त्या माणसानें ह्यांना फसविलें?" आम्ही म्हणालों, त्यालाहि बहुधा ठाऊक नसावें, अशीं नाणीं तिकडे नांगराखालीं पुष्कळ निघतात. नंतर त्यांनीं बराच वेळ नाणें हातांत धरलें व म्हणाल्या, "पोपसाहेबांना हांकून देणारा तो हाच काय?" होय म्हटल्यावर त्यांनीं नाणें पालथें करून डबींत ठेवलें, मुख खालीं व शिपाई वर. डबी मात्र वेदीवर होती तेथेंच राहिली. "ह्यांनीं आणलेली आहे," एवढेंच त्या म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या दिवसांपुरती ती आजींनीं आम्हांस दिली आहे. शाळेच्या दिवाणखान्यांत, खिडकीजवळच्या मेजावर, नाणें, एक भिंग व बाजूनें प्रकाश टाकणारा दिवा ठेवलेला आहे. निकोमेदियाच्या खुणेपुढील तुटलेलें अक्षर टांकसाळीच्या कारखान्याचा क्रमांक दाखविणारें ग्रीक अक्षर आहे. तेथें आम्हीं टिंब दिलें आहे. ज्या कोणास तें वाचतां येईल त्यानें मेजावरील वहींत लिहावें, आणि दिवा कोणत्या बाजूस ठेवून वाचलें तेंहि नमूद करावें.